फ्रीजरमधली बरणी आणि मोठ्या जाऊबाई : न विचारता केलेली जादू

चांदणी_विश्रामबाग
सोमवार, रात्री ११.४०

लांबलचक आहे, आधीच सांगते. आणि "असलं काही नसतं" एवढंच लिहायचं असेल तर ते नवऱ्याने सांगून झालंय.

लॉकडाऊनपासून मी विचक्राफ्ट करते. पौर्णिमेला गच्चीत पाण्याचा तांब्या, मेणबत्त्या, टॅरोचे पत्ते, कढीपत्त्याशेजारच्या कुंडीत रोजमेरी आणि सगळं टिपून ठेवायची एक वही. मराठीत याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जादूटोणा म्हटलं की भगत डोळ्यासमोर येतो, चेटकीण म्हटलं की गोष्टीतली म्हातारी. म्हणून विच म्हणते. घरात सगळ्यांना हे "हिचं खूळ" म्हणून माहीत आहे.

आम्ही सांगलीत एकत्र राहतो. मोठे दीर हळदीच्या अडतीत, नवरा बँकेत, मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठ्या जाऊबाई दहा-बारा बायकांसमोर म्हणाल्या, "आमच्या हिला नोकरी तेवढी झेपते, बाकीचं काय झेपत नाही." लग्नाला सहा वर्षं झालीत, मूल नाही. बायका हसल्या नाहीत, हे जास्त लागलं.

त्या रात्री मी फ्रीजर स्पेल केलं. माहीत नसणाऱ्यांसाठी : चिठ्ठीवर त्या माणसाचं नाव लिहायचं, मागे "बोलणं थांबू दे" असं काहीतरी, घडी घालून पाण्यात बुडवायची आणि गोठवायची. कुणाचं वाईट चिंतायचं नाही, फक्त तोंडाला कुलूप. मी पाण्यात लिंबूही पिळलं. हवाबंद बरणी, मटारच्या पिशवीमागे.

आणि आठवड्याभरात त्या खरंच गप्प झाल्या. टोमणा नाही, चौकशी नाही, जेवणावरून उठून सरळ खोलीत. मी वहीत तारीख घालून तीन चांदण्या काढल्या.

परवा ओला नारळ शोधताना बरणी त्यांच्याच हाताला लागली. काचेतून नाव दिसत होतं. ओरडल्या नाहीत. बरणी ओट्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "मांढरदेवीला झाडाला फोटो ठोकतात तसं माझं नाव ठोकलंस होय?" तेव्हापासून माझ्या हातचा चहा नाही. पाण्याचा तांब्या खोलीत वेगळा. सासूबाई म्हणतात नदीत सोडून ये. बरणी आता बाल्कनीत पिशवीत आहे, बर्फ कधीच वितळलाय.

माझं चुकलं का? आणि त्या बरणीचं करू काय?

एरंडाचं_गुऱ्हाळ
सोमवार, रात्री ११.५२

रुमाल टाकून ठेवतो.

एक तांत्रिक शंका. लाईट गेली की शाप सुटतो का? भारनियमनाच्या काळात जिल्ह्यात कुणाचंच तोंड बंद राहिलं नसतं.

सुगरण_काकू
मंगळवार, सकाळी ६.१०

अगं बाई, लिंबू पिळून मटारमागे ठेवलंस? त्याच फ्रीजरमधलं सगळं घर खातंय.

आता मुद्द्याचं. मी पन्नास वर्षं दृष्ट काढते. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. माझ्या नातवंडांची काढली, शेजारच्या मुल्लाभाभींच्या नातवाचीही काढली. त्यात आणि तुझ्या बरणीत काय फरक ते रात्रभर डोक्यात घोळत होतं. दृष्ट काढताना आपण माणसाला समोर पाटावर बसवतो. त्याला दिसतं आपण काय करतोय ते. नाव कुणाचंच घेत नाही, आल्या-गेल्याची म्हणतो आणि सोडून देतो. तू माणूस सोडून नाव पकडलंस, तेही पाठीमागे.

प्रश्नचिन्ह_सातारा
मंगळवार, सकाळी ९.०५

काकू, पाटावर बसवलेल्या दोन वर्षांच्या पोराला कोण विचारतं? पण तुमचा "दिसतं" हा मुद्दा उचलून ठेवतो, नंतर लागेल.

मी साताऱ्याचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बऱ्याच वर्षांपासून आहे. माझ्याकडून अपेक्षित वाक्य आधी टाकतो : चिठ्ठी गोठवल्याने कुणाची जीभ गोठत नाही. झालं.

पण इथे न थांबता सांगतो. बरणीने काही केलं नाही, बरणी *सापडल्याने* केलं. एक बाई स्वतःच्या घरात तांब्या वेगळा ठेवायला लागली. गावोगावी आम्ही बघतो ते हेच. करणीने कुणी मरत नाही, करणी झालीय या समजुतीने माणसं खचतात, उपास काढतात, औषध सोडतात. धागाकर्तीला हे "जर्नल आणि मेणबत्ती" वाटतं. जाऊबाईंना वाटलं ते वेगळंच, आणि त्यांना तसंच वाटणार होतं.

काळीमांजर_विथ_कँडल्स
मंगळवार, सकाळी ११.३०

आले की लगेच! चांदणी, तू काहीही चूक केलेली नाहीस. फ्रीजर स्पेल हे संरक्षणाचं काम आहे, आक्रमण नाही. आपला मूळ नियमच आहे की कुणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर. तू कुणाला इजा केलीस? उलट त्या बाईंनी तुला केली, सगळ्यांसमोर. आणि तिपटीचा नियम आहेच, जे पाठवाल ते तिपटीने परत. त्यांना त्यांचं मिळालं.

बरणी मिठाच्या पाण्याने धू, घरात व्हाइट सेजच्या पानांचा धूर फिरव. माझ्याकडे ओरिजिनल बंडल आहेत, साताऱ्यात घरपोच देते, सांगलीला कुरिअर.

वाईचा_कट्टा
मंगळवार, दुपारी १२.०२

कॅलिफोर्नियातून पानं मागवायची, तीही तिथल्या मूळ लोकांची तक्रार असताना की रानातून ओरबाडून नेतात. कृष्णाकाठी ऊद, लोबान, कडुनिंब सगळं संपलं काय?

कृष्णाकाठ_ते_ब्रिस्टल
मंगळवार, संध्याकाळी ५.४५

मूळची कराडची, बरीच वर्षं इंग्लंडात. मीही या वाटेवर आहे, म्हणून मांजरताईंना थोडं थांबवते.

तो "मूळ नियम" फार प्राचीन म्हणून सांगितला जातो. आज जगभर दिसते ती विक्का, म्हणजे विचक्राफ्टचा आधुनिक पंथ, जेराल्ड गार्डनर नावाच्या, आशियात कस्टम्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या इंग्रजाने उजेडात आणली. त्याचं पुस्तक १९५४ चं. "इजा नको, मग हवं ते कर" हे वाक्य आजच्या रूपात जाहीरपणे आलं १९६४ मध्ये, त्याची शिष्या डोरीन व्हॅलिएंट हिच्या भाषणात. म्हणजे आपल्या संयुक्त महाराष्ट्राहून चार वर्षांनी धाकटं. धाकटं असल्याने खोटं ठरत नाही, पण आज्ञा असल्यासारखं फेकूही नये. त्याला म्हणतात "रीड", जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सल्ला.

आणि वाक्य नीट वाचा. इजा होत *नसेल* तेव्हा काय, एवढंच ते सांगतं. होत असेल तर काय, यावर ते गप्प आहे. मुळात इजा झाली का हे कोण ठरवणार? करणारी? मग कधीच होणार नाही.

आमच्याकडे मला शिकवणाऱ्या बाईंचा दंडक साधा होता : ज्याच्यावर करायचं त्याला सांगता येत नसेल तर करू नकोस. आजारी मैत्रिणीसाठी मेणबत्ती लावायची तरी तिला मेसेज करून विचारायचं. मला तेव्हा हे अति वाटायचं. मैत्रिणी "लाव की" म्हणायच्या. एकदा एकीने "नको" म्हणून कळवलं. ती चर्चला जाणारी, तिला ते चाललं नसतं. मी विचारलं नसतं तर तिच्या दुखण्यात तिच्या देवाला डावलून मी घुसले असते, आणि वर पुण्य केल्यासारखं वाटून घेतलं असतं.

तिपटीच्या नियमाबद्दल : दुसऱ्यावर काही कोसळलं की "त्याला त्याचं मिळालं" म्हणायला त्याचा उपयोग करू नये ही विनंती. तो स्वतःला आवरण्यापुरता ठीक आहे.

एरंडाचं_गुऱ्हाळ
मंगळवार, संध्याकाळी ६.००

कस्टम्समधला माणूस. तरीच नियमाला इतक्या पळवाटा.

पोथीवाला
मंगळवार, रात्री ८.२०

हे सगळं साहेबाकडून आल्यासारखं चाललंय म्हणून लिहितो. तांत्रिक ग्रंथांत षट्कर्मं सांगितली आहेत : शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. धागाकर्तीने केलं ते चोख स्तंभन. वाणी थोपवणे. फ्रीज तेवढा नवा.

घरातल्या बाईने घरातल्या बाईवर करायची परंपरा तर फारच जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात सवतीला दूर सारण्यासाठी वनस्पती उपटून म्हणायचं सूक्त आहे, १४५ वं. अथर्ववेदात एकीकडे ताप उतरवायचे मंत्र, दुसरीकडे अभिचार, म्हणजे दुसऱ्याचं वाईट करायचे प्रयोग, एकाच पोथीत. आणि हे चांगलं नाही याचंही भान जुनंच आहे. मनुस्मृतीत अभिचार करणाऱ्याला दोनशे पण (जुनं नाणं) दंड सांगितलाय. मनूचं बाकी काही मी इथे वकिलीला घेत नाही, मारू नका.

मला गंमत वाटते ती याची की षट्कर्मांत शांती पहिली आहे. जाऊबाई गप्प होण्याऐवजी आपलं मन शांत व्हावं म्हणून चिठ्ठीवर आपलंच नाव लिहिता आलं असतं.

चांदणी_विश्रामबाग
मंगळवार, रात्री ९.१५

पोथीवाला, शेवटचं वाक्य वाचून जरा चिडलेच. दहा-बारा बायकांसमोर वांझ असल्यासारखं बोलायचं त्यांनी आणि शांत मी व्हायचं?

पोथीवाला
मंगळवार, रात्री ९.२२

बरोबर आहे. मागे घेतो.

आबा_तासगाव
मंगळवार, रात्री १०.३०

मी हितं सहसा लिहित नाही, वाचतो नुसतं.

पोरी, तुला वाटतंय तुझं मेणबत्तीचं वेगळं आनि भगताचं वेगळं. माझी आई सहा-सात वर्षामागं जत भागातल्या एका भगताकडं जायला लागली. गुडघं दुखत हुतं, दुसरं काय न्हाई. त्यानं सांगितलं घरातल्याच मान्सानं केलंय. नाव सांगिटलं न्हाई, नुस्तं "भाकरी थापणारा हात" म्हनला. घरात भाकरी थापणारी माझी बायको. आईनं तिच्या हातचं खायचं सोडलं. दोन तोळं मोडून त्याला दिलं, ते उताऱ्याला. सोनं गेल्याचं दुख न्हाई. आई जाईस्तवर बायकोच्या हातचं जेवली न्हाई. बायको अजून कधी कधी थापताना मधीच थांबती.

तर तांब्या येगळा ठेवला म्हनलीस तिथंच माझं चित्त अडकलं. बरणीचं काय बी कर. तांब्याचं बघ.

सुगरण_काकू
मंगळवार, रात्री १०.४१

आबा, काय लिहिलंत हो.

काळीमांजर_विथ_कँडल्स
मंगळवार, रात्री ११.१०

आबांबद्दल आदर आहे, पण हे दोन्ही एका मापाने मोजणं अन्याय आहे. भगताने पैसे घेतले, भीती घातली, संशय पेरला. चांदणीने यातलं काय केलं? म्हैसाळला २०२२ मध्ये एका घरातली नऊ माणसं गेली, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गुप्तधनाच्या नादात मांत्रिकानेच विष दिलं. अशा प्रकरणांमुळे आम्हाला घरात साधी मेणबत्ती लावायची चोरी झालीय.

काळ्या_कोटातला
बुधवार, सकाळी १०.००

कायद्याचा विषय निघणारच होता, म्हणून.

आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वर्षानुवर्षं ते या कायद्यामागे होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. पण हा कायदा श्रद्धेला हात लावत नाही. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा वगैरे त्यातून स्पष्टपणे वगळलेत. अनुसूचीत ठरावीक बारा कृत्यं आहेत. मारहाण, फसवणूक, दहशत, उपचार रोखणं, नरबळी, अशा जातीची.

माझ्या मते बरणी त्यात बसत नाही. पैसे नाहीत, धमकी नाही, शक्तीचा दावा करून कुणाला लुबाडलेलं नाही. उलट गंमत बघा, "अमुक बाई करणी करते" असं म्हणून तिला बदनाम करणं, छळणं हे मात्र अनुसूचीत आहे. म्हणजे उद्या जाऊबाईंनी गल्लीत ओरड केली आणि लोक धागाकर्तीच्या मागे लागले तर तक्रार करायचा हक्क धागाकर्तीचा. त्यांनी ओरड केलेली नाही, हे लक्षात घ्या.

ब्रिस्टलताईंसाठी : तुमच्याकडेही असंच झालं ना?

कृष्णाकाठ_ते_ब्रिस्टल
बुधवार, दुपारी ३.३०

हो. १७३५ च्या कायद्यानेच इथे चेटूक हा गुन्हा राहिला नाही, चेटकाचं *सोंग* हा गुन्हा झाला. तो कायदा १९५१ मध्ये रद्द होऊन त्या जागी मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या खोट्या "मीडियम" लोकांविरुद्धचा कायदा आला : पैशासाठी, फसवायच्या हेतूने शक्ती असल्याचा आव आणला तर शिक्षा. २००८ मध्ये तोही रद्द झाला. १९५१ चा तो बदल झाल्यावरच गार्डनर उघडपणे लिहू शकला.

मांजरताई, इथेच तुमचा मुद्दा जरा लंगडा पडतो. कायद्याला पैसा आणि फसवणूक दिसते. नीतीला त्याच्या अलीकडचंही दिसायला हवं. चांदणीने पैसे घेतले नाहीत हे खरं, पण तिला काहीच मिळालं नाही असं नाही. तीन चांदण्या मिळाल्या.

अवांतर : कॉर्नवॉलला बॉसकॅसल गावात चेटकाचं म्युझियम आहे, १९६० पासून. तिथे टाचण्या टोचलेल्या बाहुल्या कपाटात ठेवल्यात. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्या गावात पूर येऊन म्युझियममध्ये चिखल शिरला. मी सांगलीचे फोटो बघितले तेव्हा मला ते आठवलं. आणि त्या बाहुल्या बघताना भीती वाटत नाही, वाटतं ते वेगळंच : ही कुणाची बाहुली होती, तिला कधी कळलं का?

हरिपूरकर
बुधवार, दुपारी ४.१०

पुराचा विषय निघाला म्हणून. नदीत बरणी सोडायची कल्पना कुणी मनात आणू नका. संगमावर येऊन बघा लोक काय काय सोडतात. फोटो, बाहुल्या, लिंबं, पोथ्या, देव. पूर ओसरला की सगळं आमच्या दारात. कुणाकुणाच्या करण्या आम्ही घमेल्याने उचलल्यात.

प्रश्नचिन्ह_सातारा
बुधवार, रात्री ८.००

उचलून ठेवलेला मुद्दा आता काढतो.

व्यसनमुक्तीच्या कामात एक प्रश्न हटकून येतो. बायको विचारते, "यांना न सांगता आमटीत घालायची पावडर आहे का?" तळमळ खरी असते, माणूस दारूने चाललेला असतो. तरी उत्तर नाही असंच असतं. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशा आहेत की पोटात असताना वर दारू गेली तर जिवावर बेततं, म्हणून चोरून देणं धोक्याचं. पण धोका नसता तरी मी नाहीच म्हणालो असतो. पावडर सुरू झाली की त्या घरात बोलणं बंद होतं. तो आज का प्यायला, कुणाशी भांडला, कर्ज किती झालं, हे विचारायची गरजच उरत नाही. सगळं लक्ष आमटीवर.

बरणीही तसलीच, फक्त तिच्यात औषध नाही. चांदणी, तुम्ही लिहिलंय की जाऊबाई आठवड्याभरात गप्प झाल्या. तुमच्या मते बरणीने, माझ्या मते नाही. मग कशाने?

एरंडाचं_गुऱ्हाळ
बुधवार, रात्री ८.१५

या प्रश्नावर मी पहिल्यांदाच गंभीर होऊन थांबतो.

संपादक मंडळ
गुरुवार, सकाळी ९.००

विक्रीची माहिती असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. "कुणाचं घर आहे ते ओळखलं" अशा अर्थाचाही एक. असं पुन्हा करणाऱ्याचं खातं बंद होईल.

चांदणी_विश्रामबाग
शनिवार, रात्री १२.२०

तीन दिवस लिहिलं नाही. प्रश्नचिन्ह यांचा प्रतिसाद वाचला आणि पुढचं वाचवेना.

गुरुवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. हळदीचा हंगाम, भाऊजी पहाटे मार्केट यार्डात जातात ते रात्रीच येतात. सासूबाई गणपतीला गेल्या होत्या. मी पिशवीतली बरणी घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात गेले. आत जायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "ताई, माझं चुकलं. याचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आत ये, दारात उभी राहू नकोस भुतासारखी."

त्यांचं माहेर दहिवडीकडचं. लहानपणी शेजारच्यांची म्हैस मेली आणि त्यांच्या चुलतीने करणी केली असं गावात उठलं. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका घागरी उचलून मागे व्हायच्या. यांच्या आईनेही तिच्या घरचा हळदीकुंकवाचा वाण घेणं बंद केलं. चुलता बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेला. "मी सात वर्षांची असेन. चुलती जाताना माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा देत होती, मी घेतला नाही," म्हणाल्या. "बरणी बघितल्यावर मला तुझं भ्या नाही वाटलं. मला वाटलं, तिनं दिलेलं मी घेतलं नव्हतं ते आता आलं."

मी विचारलं, "तुम्ही संक्रांतीनंतर एवढ्या गप्प का झाला होता?"

त्यांना छातीत गाठ लागली होती. हळदीकुंकवानंतर चार-पाच दिवसांत, अंघोळ करताना. मिरजेला एकट्याच गेल्या, बाजारात जाते सांगून. सुई घालून तुकडा काढला, रिपोर्टला बारा दिवस लागले. भाऊजींना हंगामात कशाला घोर, म्हणून सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं नाही. रिपोर्ट साधा निघाला, गाठ साधीच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय.

ते बारा दिवस त्या जेवणावरून उठून खोलीत जात होत्या. आणि पलीकडच्या खोलीत मी वहीत चांदण्या काढत होते. एका घरात, एका भिंतीला लागून. एरवी मी विचारलं असतं, खरंच विचारलं असतं. भांडण असलं तरी घरातलं माणूस चार दिवस अन्न टाकतंय म्हटल्यावर कुणीही विचारतं. मी विचारलं नाही कारण मला कारण माहीत होतं.

टोमण्याबद्दलही बोलले. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. "तोंडातनं गेलं" म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "सगळ्यांसमोर जायला नको होतं." ते मला अजून पुरेसं वाटत नाही. वाटत नाही तर नाही.

हे इथे लिहू का, असं त्यांना विचारलं. म्हणाल्या, "नाव घालू नको, बाकी घाल." मग फोन हातात घेऊन पूर्ण धागा वाचला. आबांचा प्रतिसाद दोनदा.

आबा_तासगाव
शनिवार, सकाळी ६.३०

चहा घेत्यात का आता?

चांदणी_विश्रामबाग
शनिवार, सकाळी ७.१५

अजून स्वतःचा स्वतः करून घेतात. पण काल दोन कप केला.

काळीमांजर_विथ_कँडल्स
शनिवार, सकाळी १०.४०

माझं "त्यांना त्यांचं मिळालं" हे वाक्य काढता येत असेल तर संपादकांनी काढावं.

चांदणी, तू आता हे सगळं सोडणार आहेस का? खरंच विचारतेय, टोमणा नाही. कारण मी नाही सोडू शकणार. माझे बाबा गेल्यानंतर मला त्या मेणबत्त्यांनीच झोप लागली.

चांदणी_विश्रामबाग
शनिवार, दुपारी १.०५

सोडणार नाही. पौर्णिमेचा तांब्या ठेवणार, पत्ते काढणार, स्वतःसाठी. दुसऱ्याचं नाव वहीत लिहायचं झालं तर आधी त्याला विचारणार, ब्रिस्टलताई म्हणाल्या तसं. त्या तीन चांदण्या खोडल्या नाहीत. बाजूला मिरजेची तारीख लिहिली.

प्रश्नचिन्ह_सातारा
शनिवार, दुपारी २.३०

पत्त्यांबद्दल आपलं जमणार नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढू. सहा महिन्यांनी मिरजेला जाताना सोबत जा.

काळ्या_कोटातला
शनिवार, दुपारी ३.००

बाकी सगळं ठीक, पण चिठ्ठीचं काय केलं ते राहिलं.

चांदणी_विश्रामबाग
शनिवार, संध्याकाळी ७.५०

मी फाडायला निघाले होते, त्यांनी हातातून घेतली. तुळशीच्या कट्ट्यावर वाळत घातली, वर दगड ठेवला. शाई फुटलीय पण नाव वाचता येतं. मागचं "बोलणं थांबू दे" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि हसल्या. आता ती त्यांच्या कपाटात दागिन्यांच्या डब्यात आहे. काय करणार विचारलं तर म्हणाल्या, "बघते."

एरंडाचं_गुऱ्हाळ
शनिवार, रात्री ८.०५

आणि बरणी? केवढी आहे? फेकली असेल तर हरिपूरकरांच्या दारात जाईल.

चांदणी_विश्रामबाग
शनिवार, रात्री ८.३०

अर्ध्या किलोची. सासूबाईंनी सोडा घालून तीनदा धुतली, तरी लोणचं भरू देईनात. आज त्यात भडंग आहे. जाऊबाईंनी स्वतः केलंय, लसूण जास्त घालून, मला आवडतं तसं, आणि माझ्या टेबलावर लॅपटॉपशेजारी आणून ठेवलंय.

दुपारपासून ठेवलंय. मी अजून खाल्लेलं नाही.